'आक्रीत' पाहिल्यानंतर

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर ती बेतलेली आहे. कुणाला आशुतोष गोवारीकरांनी उभा केलेला अधिकारी आवडला, तर कुणाला एरवी पोट धरून हसवणारे मकरंद अनासपुरे असे कसे दिसू शकतात याचं नवल वाटलं. संध्याकाळी घरी जेवताना मी सहज तोच विषय काढला. माझे सासरे, ज्यांना मी अब्बाच म्हणते, हातातला घास धरून तसेच थांबले. मग म्हणाले, "वो साल हमकू घर के भार नै निकलने देते थे."

अब्बा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. बाहत्तरच्या दुष्काळाचं वर्ष. बेंबळीच्या विहिरींनी तळ दाखवला होता. त्यांची अम्मी आणि अब्बा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलोची लाल भाकरी आणि मुलांना सुकडी. मानवत परभणी जिल्ह्यात, मध्ये बीडचा सगळा मुलूख. तरी तिकडची बातमी इथे पोचली होती. ती वर्तमानपत्रातून आली नव्हती. कामावरच्या बायांच्या तोंडून आली होती आणि वाटेत वाढत गेली होती. मुली नेतात, पोत्यात घालून नेतात, अमुक रंगाचं लुगडं नेसलेली बाई येते, असं काहीबाही. दादी खडीवर जाताना अब्बांच्या लहान बहिणीला सोबत न्यायच्या आणि उन्हात दगडांच्या ढिगाशेजारी बसवून ठेवायच्या. "पोरियों कू अकेला नक्को छोडो," हे वाक्य त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. ते मानवतचं वाक्य होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत मानवत आणि परिसरात एकामागून एक खून झाले. मारल्या गेल्या त्या बायका आणि लहान मुली. काही मुली दहा-अकरा वर्षांच्या. त्यांत मुसलमान घरांतल्या मुलीही होत्या. तपासात जे बाहेर आलं ते असं, की गावातल्या एका वजनदार माणसाच्या घराशी हे धागे जातात. मूल व्हावं आणि जमिनीतलं गुप्तधन हाती लागावं म्हणून कुणा मांत्रिकाच्या सांगण्यावरून बळी दिले गेले. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला. मूळ माणसांची नावं मी इथे लिहीत नाही. मेलेल्या मुलींचीही लिहीत नाही. त्यांची माणसं अजून याच मराठवाड्यात राहतात.

मालिका मी पाहिली. बरी वाटली. पण ती तपासाची गोष्ट आहे आणि तपासाच्या गोष्टीत आपण नेहमी पोलिसाच्या जीपमध्ये बसलेलो असतो. आपल्याला सुरक्षित वाटतं. मग कुणीतरी सांगितलं की याच प्रकरणावर फार पूर्वी एक मराठी चित्रपट आला होता, 'आक्रीत', १९८१ चा. अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं. मुकुटराव शिंदे हे मुख्य पात्र स्वतः पालेकरांनी केलं आणि त्याची रखेल रुही चित्रा पालेकरांनी. तो मिळवला आणि एका सुट्टीच्या दुपारी, घरात कुणी नसताना, एकटीनं पाहिला. त्या दुपारपासून त्याच्याबद्दल माझी दोन मतं आहेत. दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात, म्हणून हे लिहायला बसले.

पहिलं मत चांगलं आहे, ते आधी सांगते.

अमोल पालेकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'रजनीगंधा' किंवा 'गोलमाल' येतो. बसच्या रांगेत उभा राहणारा, खाली मान घालून हसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. हिंदी सिनेमाच्या भाषेत त्याला खलनायक करायचा झाला तर दाढी वाढवायची, डोळ्यांत सुरमा घालायचा, आवाज खर्जात न्यायचा. (आपल्या लोकांना ही तयारी चांगलीच ओळखीची आहे. पडद्यावर सुरमा दिसला की पुढे काय होणार हे आमच्या पाचवीतल्या मुलांनाही कळतं.) 'आक्रीत'नं तसं काही केलं नाही. त्याच रोजच्या चेहऱ्याचा माणूस घेतला आणि त्याला गावचा मालक केलं. त्याच्याकडे जमीन आहे, माणसं आहेत, त्याचा शब्द चालतो. आणि तरी त्याला काहीतरी कमी आहे. त्या कमीपणाच्या मागे तो जात राहतो.

तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल' आणि 'सखाराम बाइंडर' लिहिलं. समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करायला त्यांना नेहरू फेलोशिपही मिळाली होती. हिंसा करणारा माणूस आकाशातून पडत नाही, आपल्यातूनच उठतो, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. गावाकडे काही भयंकर घडलं की आपण म्हणतो, "आक्रीत झालं!" म्हणजे कधी ऐकलं नव्हतं, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सिनेमाला हेच नाव दिलं आणि मग सबंध सिनेमाभर दाखवलं की यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. गरज होती, लोभ होता, हाताखाली गरीब माणसं होती, सांगणारा भगत होता आणि विचारणारं कुणी नव्हतं. दुष्काळात तर माणसाच्या जिवाची किंमत आणखी उतरलेली. हे दाखवायला धाडस लागतं. १९८१ साली तर जास्तच लागलं असेल. घटनेला जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती.

पण मला तो सिनेमा लागला तो मुकुटरावामुळे नाही. रुहीमुळे लागला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय माझं मत हे नुसतंच मत राहील.

माझं लग्न २०१३ मध्ये झालं. आम्हांला मूल नाही. सुरुवातीची दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षापासून शादीच्या दावतीत, अकीक्याच्या दिवशी, अगदी मय्यतीला जमलेल्या बायकांतही तोच प्रश्न यायला लागला. दवाखाने झाले. सोनोग्राफी झाली, गोळ्या झाल्या, सोलापूरच्या फेऱ्या झाल्या. माझ्या शौहरांनीही तपासण्या करून घेतल्या, ही त्यांची भलाई. डॉक्टर म्हणाले, दोघांतही तसा दोष नाही, वाट पाहा. वाट पाहा या दोन शब्दांवर बाई किती वर्षं काढू शकते?

२०१७ मध्ये नात्यातल्या एका बाईनं एका आमिलचा पत्ता दिला. गाव सांगत नाही. मी बी.एड. झालेली बाई, मुलांना विज्ञान शिकवते, पोटात बाळ कसं तयार होतं याची आकृती फळ्यावर काढते. तरीही मी गेले. कुणी ओढून नेलं नाही. शौहरांना सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. छोट्या खोलीत लोबान जळत होता, भिंतीवर मक्का-मदिनेची चित्रं होती. त्या माणसानं माझं नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, तुमची कूस बांधलेली आहे. मग तावीज दिला, पिण्यासाठी पाणी दिलं आणि एक काम सांगितलं. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या लहान लेकराच्या, शक्यतो मुलीच्या, अंगावरच्या कपड्याचा तुकडा आणायचा. कुणाला न सांगता कापायचा. त्यावर तो काही पढून देणार आणि ते मी उशाखाली ठेवायचं.

मी विचारलं, "उस बच्ची को कुछ होगा तो नहीं?"

तो म्हणाला, "आपको औलाद चाहिए ना?"

त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. कळूनही मी घरी आले. माझ्या मोठ्या जाऊबाईंची, म्हणजे भाभींची, मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. माझ्याच मांडीवर झोपायची. एका दुपारी ती झोपलेली असताना मी शिवणाच्या कात्रीनं तिच्या पिवळ्या फ्रॉकच्या घेराचा दोन बोटांएवढा तुकडा कापला.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. पावसाळा होता, गावात घरोघरी ताप होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि चार दिवसांत ती बरी झाली. कापडाचा आणि तापाचा काही संबंध नाही, हे मी आज शंभर वेळा सांगेन. पण त्या चार रात्री मी ज्या भीतीत काढल्या ती भीती संबंध आहे असं मानणाऱ्या बाईची होती. याचा अर्थ कात्री चालवताना माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात ठाऊक होतं की मी एका लेकराकडून काहीतरी काढून घेते आहे. आणि तरी मी कात्री चालवली. तुकडा आमिलकडे गेलाच नाही. मी तो चुलीत टाकला. हे मला चांगुलपण वाटत नाही. मला भीती वाटली, इतकंच.

म्हणून 'आक्रीत' पाहताना रुहीची तळमळ पडद्यावर आली तेव्हा मला तिचा राग करता आला नाही. माझी कात्री आणि तिथला कोयता यांत अंतर आहे, फार मोठं आहे. पण रस्ता एकच आहे आणि मी त्या रस्त्यावर दोन पावलं टाकून आले आहे. कुठल्याही वाजात, कुठल्याही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या भाषणात मला हे असं दिसलं नव्हतं. तिथे बोलणारा वर उभा असतो आणि अंधश्रद्ध माणूस खाली. सिनेमानं मला त्या बाईच्या शेजारी बसवलं. खलनायकाच्या आत शिरून पाहणाऱ्या सिनेमाचा हा फायदा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

आता दुसरं मत.

सिनेमा संपला आणि मी चहा ठेवायला उठले. उकळी येईपर्यंत सहज मनात आठवायला लागले. मुकुटराव आठवला. रुही आठवली. तिचं चालणं, बोलणं, तिची भूक, तिची भीती आठवली. मग मेलेल्या मुली आठवायला गेले, तर एकही नाव आठवेना. किंकाळ्या आठवत होत्या, शेत आठवत होतं. ती मुलगी घरातून निघाली तेव्हा काय करत होती, तिला कोणतं काम सांगितलं होतं, तिला शाळा आवडायची का, तिला कुणी चिडवायचं का, यातलं काहीच माझ्याबरोबर बाहेर आलं नाही.

मी रोज सकाळी पाचवीची हजेरी घेते. दहा-अकरा वर्षांच्या मुली. एक "हाजिर" म्हणताना दर वेळी उभी राहते, बसून म्हण म्हटलं तरी. एकीला भागाकार येत नाही, पण बाजारातला हिशेब चुकत नाही. एक नेहमी आपल्या धाकट्या भावाला वर्गात आणून बसवते, कारण आई कापूस वेचायला गेलेली असते. मानवतच्या मुली याच वयाच्या होत्या. त्याही गोवऱ्या वेचायला, पाणी आणायला, निरोप द्यायला घराबाहेर पडणाऱ्या असणार. मारणाऱ्याच्या मनात उतरायला सिनेमाकडे एवढा वेळ होता. मरणारीच्या मनात उतरायला थोडासाही का नसावा? खऱ्या नावांचा प्रश्न होता म्हणावं, तर मारणाऱ्यांना नवी नावं देता आली होती.

ही एकट्या 'आक्रीत'ची गोष्ट नाही. मुंबईत साठच्या दशकात फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या रामन राघववर १९९१ च्या सुमारास एक चित्रपट झाला, नंतर २०१६ मध्ये त्याच्या नावानं आणखी एक. रघुवीर यादव आणि नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्या कामाबद्दल लोक अजून बोलतात. मेलेले लोक कोण होते, कुठल्या गावाहून पोट भरायला आले होते, याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. चांगल्या नटाला दुष्ट माणूस नेहमी खुणावतो. त्यात चूक नाही. पण चांगलं काम झालं की आपण टाळी वाजवतो आणि टाळी नेमकी कुणाच्या नावानं पडली हे विसरतो.

कुरआन पाकच्या सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीचा उल्लेख आहे. कयामतच्या दिवशी विचारणा होणार आहे ती त्या मुलीला, की तुझा असा काय गुन्हा होता. लहानपणी मदरशात हे पढताना मला कोडं पडायचं. विचारायचं तर बापाला विचारा, मुलीला का? मोठी झाल्यावर तफसीरमध्ये वाचलं, की मारणारा इतका गिरलेला आहे की त्याच्याकडे तोंडही वळवलं जाणार नाही. बोलायचा हक्क तिचा. जिचा आवाज मातीत दाबला तिलाच आधी बोलू दिलं जाईल. 'आक्रीत'ला मी जी कमी म्हणते ती हीच आहे. त्यानं मारणाऱ्यांना विचारलं, खोलवर विचारलं, आणि ते विचारणं खरं होतं. पण मुलीला कुणी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सलत राहिली. रुही ज्या समाजातली दाखवली आहे त्या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. आमच्या जिल्ह्यात चोरी झाली की पोलीस आजही आधी कुणाच्या पालावर जातात हे सर्वांना माहीत आहे. प्रकरणातली बाई खरोखर त्या समाजाची होती, तेव्हा सिनेमानं खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. पण सावकार, भगत, हत्यार चालवणारे हात हे सगळे ज्या ज्या जातींचे होते त्या जातींना त्यानंतर कुणी हिशेब मागितला नाही. हिशेब एकाच समाजाला द्यावा लागला. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांनी खाली मान घालायची, हे काय असतं ते आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवून मला सुटायचं नाही. मानवतचा विषय निघाला की आपल्यातले काही जण म्हणतात, हे बळी-बिळी त्यांच्यात, आपल्यात शिर्क हराम आहे. हराम आहे हे खरं. मग त्या खोलीत लोबान कुणासाठी जळत होता? बाहेर चपलांचा ढीग कुणाचा होता? मी बसले होते तेव्हा माझ्या आधी चार बायका होत्या. एकीच्या मांडीवर फिट येणारं मूल होतं. ते दवाखान्यात असायला हवं होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणा विरोधी कायदा आला. त्यात नरबळी आहे, गुप्तधनाच्या नावानं होणारे अघोरी प्रकार आहेत. कायदा सर्वांसाठी आहे. त्यात भगत आणि आमिल असा भेद नाही. कायदा कोयत्यापर्यंत पोचतो. कात्रीपर्यंत आपल्यालाच पोचावं लागतं.

हा लेख पाठवण्याआधी मी भाभींना सगळं सांगायचं ठरवलं. त्यांची मुलगी आता माझ्याच वर्गात, पाचवीत आहे. लेख छापून आला आणि त्यांनी तो कुणा तिसऱ्याकडून ऐकला, असं मला नको होतं. रात्री भांडी झाल्यावर ओट्याजवळ उभी राहून सांगितलं. आठ वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपली. भाभी फडकं पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरेकू मालूम था. फराक मैंच धोई थी."

मला आठवलं, तो ताप उतरल्यानंतर महिनाभर त्यांनी पोरीला माझ्याकडे दिलं नव्हतं. मी समजत होते, आजारी होती म्हणून जपतात.

"कुछ बोले क्यूं नै?" मी विचारलं.

"क्या बोलती? तेरा रोना भी तो मैंच सुनती थी."

बराच वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. मग त्यांनी सिनेमाबद्दल विचारलं. मी मुकुटरावाबद्दल सांगितलं, रुहीबद्दल सांगितलं, पालेकरांचं काम किती वेगळं आहे तेही सांगितलं. भाभी सगळं ऐकून घेत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "उन पोरियों की अम्मियां दिखाए क्या उसमें?"

मला सांगता येईना. असतीलही. पडद्यावर कुठेतरी रडल्याही असतील. पण मी त्या दुपारी रुहीकडेच पाहत होते.